एमजीबीचे ब्रेक: पुढे किती, मागे किती (प्रकल्प नोंदी)

११ जानेवारी २०२५, शनिवार

गाडी: एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश बनावटीची, उघड्या टपाची), १९६५ चं मॉडेल. १७९८ सीसी, पाच बेअरिंगचं इंजिन, तारांची चाकं, पुढे डिस्क, मागे ड्रम, पायाचा जोर वाढवणारा सर्वो नाही. ब्रेकची लाइन एकच, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. काकांनी महूच्या एका फौजी साहेबांकडून घेतलेली, आता माझ्याकडे.

तक्रार: साठच्या वेगात पेडल जोरात दाबलं की मागची चाकं आधी जाम होतात आणि शेपटी डावीकडे सुटते. हळू थांबवली तर काहीच कळत नाही. शहरात पोहे खाऊन घरी येईपर्यंत गाडी सभ्य असते; कुत्रं आडवं आलं की रंग दाखवते.

पुढची चाकं आधी जाम झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही, पण गाडी निदान सरळ घसरते. मागची आधी झाली तर प्रकरण वेगळं. जाम झालेल्या चाकाला आडवी पकड उरत नाही, पुढची चाकं मात्र अजून पकडून असतात, आणि गाडी स्वतःभोवती फिरायला बघते. पुढच्या महिन्यात भाचा चालवणार म्हणतोय, त्याआधी हे काम उरकायचं.

पुढे-मागे ब्रेकची वाटणी बदलायला लोक थेट नॉबवाला व्हॉल्व्ह आणून बसवतात. मला आधी पाहायचंय, वाटणी बिघडली कुठे.

१२ जानेवारी, रविवार

इंदुरातल्या सांवेर रोडच्या धर्मकाट्यावर गाडी नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. मी आत बसलेलो, टाकी अर्धी. पुढे ५४०, मागे ४४०. एकूण ९८० किलो. काटेवाल्याने पावतीवर माल म्हणून ‘खाली’ लिहून दिलं.

पुढे ५५ टक्के. या गाडीला जरा जास्तच. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. मूळ गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे, फळीखाली असत. आधीच्या मालकाने त्या काढून बारा व्होल्टची एक बॅटरी बॉनेटखाली बसवली. डिकीतलं स्टेपनी चाकही गायब. मागचं वजन असं हळूहळू उतरत गेलं, मागचे ब्रेक मात्र तेवढेच राहिले. उलट वाढले असावेत असा संशय आहे, ड्रम उघडल्यावर कळेल.

हिशेब. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं. किती झुकतं, तर एकूण वजन गुणिले मंदन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन आसांमधलं अंतर. अंतर २.३१ मीटर. उंची अर्धा मीटर धरली; एवढ्या बुटक्या गाडीला ती चालून जाते.

कोरड्या रस्त्यावर मंदन ०.८ जी (गुरुत्वाच्या ०.८ पट) धरलं तर १७० किलो पुढे सरकतात. पुढे ७१०, मागे २७०. म्हणजे ७२ आणि २८ टक्के. ओल्या रस्त्यावर ०.४ जी मिळालं तर ८५ किलो सरकतात: पुढे ६२५, मागे ३५५. म्हणजे ६४ आणि ३६.

खरी गोम इथे आहे. बरोबर वाटणी असा एकच आकडा नसतो. रस्ता जितका चांगला आणि ब्रेक जितका कडक, तितकं मागचं चाक हलकं. पावसात मागच्या चाकाला जेवढा ब्रेक झेपतो त्याच हिश्शाने उन्हात दिला तर ते जाम होणार. वाटणी लावायची ती कोरड्या रस्त्यावरच्या कडक ब्रेकसाठी. ओल्यात मागचे ब्रेक थोडे वाया जातात, जाऊ देत.

१४ जानेवारी

संक्रांत. बहिणीकडे तिळगूळ. भाच्याने विचारलं, ‘मामा, मागचे ब्रेक काढूनच टाकले तर?’ त्याला वहीतला हिशेब दाखवला. मागची चाकं निम्म्यापेक्षा कमी काम करतात, पण कोरड्यातही चौथ्या हिश्शाहून जास्त करतात. वर हँडब्रेक तिथेच.

१९ जानेवारी, रविवार

मागचे ड्रम उतरवले. तांब्याच्या हातोड्याने चाकाचा मधला नट सैल करायचा, चाक काढायचं, ड्रमचे नट काढायचे, मागच्या पत्र्यावरचा चौकोनी डोक्याचा अॅडजस्टर पूर्ण सैल करायचा, मग ड्रम निघतो. उजवीकडचा अॅडजस्टर गंजून बसलेला. गरम करून, तेल सोडून, चहा पिऊन, परत गरम करून तासाभराने हलला.

संशय खरा निघाला. दोन्हीकडे व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने ब्रेक ड्रमवर दाबणारे) भलत्याच गाडीचे. बोअर, म्हणजे आतला व्यास, मोजला: २२.२ मिमी, म्हणजे ७/८ इंच. काकांच्या डब्यात जुना सिलिंडर जपून ठेवलेला आहे, त्याचा बोअर २०.३ मिमी. फरक दोन मिमीचाही नाही. पण जोर ठरतो पिस्टनच्या क्षेत्रफळावर: ३८८ विरुद्ध ३२४ चौरस मिमी. तेवढ्याच दाबाला मागचा ब्रेक वीस टक्के जास्त.

कोणीतरी, कधीतरी, बाजारात मिळाला तो सिलिंडर बसवला आणि गळती थांबली म्हणून पैसे घेतले. बसवलाही कसा, तर मूळ सिलिंडरला मागच्या पत्र्यावर धरून ठेवणारी गोल सर्क्लिप असते तिच्या जागी वाकवलेली तार. गॅरेजवाल्या उस्तादांनी तार चिमट्यात धरून उजेडात फिरवली, बोलले काही नाहीत, खिशात टाकली.

लायनर जाड आहेत, ड्रमला ओरखडे नाहीत. डावीकडे अॅक्सलच्या सीलमधून तेल झिरपायला लागलंय. तेल लागलेला लायनर कधी घसरतो तर कधी उलट जास्त पकडतो, त्यामुळे सीलही यादीत.

२६ जानेवारी, रविवार

पुढची पाळी. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) गाडीवरच ठेवून पॅड काढले, भाच्याला पेडल हळू दाबायला सांगितलं. उजवीकडचे दोन्ही पिस्टन सारखे सरकले. डावीकडे बाहेरचा सरकला, आतला ढिम्म. म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक अर्धवट, गाडीचं नाक उजवीकडे ओढलं जाणार, शेपटी डावीकडे निघणार. पहिल्या दिवसाच्या तक्रारीतली ‘डावीकडे’ इथे सापडली.

पिस्टन हवेच्या दाबाने बाहेर काढला. समोर लाकडाचा ठोकळा लावला होता, तरी बोटं लांबच ठेवावीत. पिस्टनचं क्रोम धुळीच्या सीलपाशी फुगून सुटलेलं, खाली गंजाचे खड्डे. असा पिस्टन घासून परत घालणारे भेटतात. त्यांच्या गाडीत मी बसत नाही. स्टीलचे चार नवे पिस्टन आणि सील मागवायचे. कॅलिपरचे दोन अर्धे मात्र वेगळे करायचे नाहीत, त्यांच्यामधल्या सीलला हात लावण्याचं कारण नाही.

रबरी होज बाहेरून ठीक दिसतात. मागच्या अॅक्सलवरचा कापून पाहिला: आतलं रबर फुगून भोक काडीएवढं उरलंय. अशा नळीतून पायाच्या जोराने तेल जातं, पण परत यायला वेळ लावतं. तिन्ही नवीन.

उस्ताद म्हणाले, ‘भिया, पहले आगे का बढ़ाओ, फिर पीछे का घटाना।’ यादी त्याच क्रमाने लिहिली.

९ फेब्रुवारी, रविवार

पार्सल यायचंय. तोवर वाटणी बदलायच्या मार्गांचा विचार.

एक, दोन मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेलावर दाब देणारे) आणि मध्ये बॅलन्स बार. रेसच्या गाड्यांना हेच असतं: पेडलचा दट्ट्या बारवर दाबतो, बार दोन सिलिंडरांना ढकलतो, दट्ट्या ज्याच्या जवळ त्याला जोर जास्त. उत्तम पद्धत, लाइनही दोन होतात. पण पेडलचा आख्खा डबा बदलावा लागतो आणि पत्रा कापावा लागतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार व्हीए मालिकेची नोंदणी मिळते, तिची अट चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको अशी आहे. मला ती नंबरप्लेट हवी आहे. नियम नसता तरी या पत्र्याला करवत लावायला हात धजावला नसता.

दोन, पुढे जास्त पकडीचे पॅड. स्वस्त आणि सोपं. पण रेसचे पॅड थंड असताना पकडत नाहीत. राजवाड्यापासून रामबागेपर्यंत गाडी नेणाऱ्याचे पॅड तापणार कधी?

तीन, मागे आणखी लहान सिलिंडर. १७.८ मिमीचा घातला तर मागचा जोर मूळच्या पाऊण पट होईल. पण तो प्रत्येक दाबाला पाऊण पटच, ओल्यातही. पेडल हलकं दाबलं तरी सगळा भार पुढच्या पॅडवर.

चार, मागच्या लाइनमध्ये प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. त्याचं काम समजून घेण्यासारखं आहे. ठरावीक दाबापर्यंत तो काहीच करत नाही, पुढे जितका दाब तितकाच मागे. त्या दाबानंतर, ज्याला गुडघा म्हणतात त्यानंतर, मागचा दाब कमी चढणीने वाढतो. मी निवडलेल्या विलवुडच्या व्हॉल्व्हचा गुडघा १०० ते १००० पीएसआय, म्हणजे साधारण ७ ते ६९ बारच्या मध्ये कुठेही लावता येतो. त्यापुढची चढण ५७ टक्क्यांनी कमी: पुढे दहा बार वाढले तर मागे सव्वाचारच्या आसपास. १२ जानेवारीच्या हिशेबाला हाच आकार हवा होता: हलक्या ब्रेकला मागचे पूर्ण, कडक ब्रेकला कमी.

मात्र हा व्हॉल्व्ह मागचं फक्त काढून घेतो. पुढे तसूभरही घालत नाही. अडकलेला पिस्टन तसाच ठेवून हा बसवला असता तर पुढचे अर्धे आणि मागचेही अर्धे झाले असते. शेपटी सरळ राहिली असती आणि गाडी समोरच्या ट्रकखाली सरळ गेली असती.

१६ फेब्रुवारी, रविवार

पार्सल आलं. मागे २०.३ मिमीचे नवे व्हील सिलिंडर, खऱ्या सर्क्लिपसह. ती बसवताना उस्तादांनी अंगठ्याने दाबत दाबत तीन मिनिटांत बसवली. त्याआधी माझा अर्धा तास गेला होता. अॅक्सलचं सील, पुढचे पिस्टन, होज, सगळं झालं. बारा व्होल्टची बॅटरी सीटमागच्या जुन्या जागेत परत. डिकीत स्टेपनी. परत काट्यावर: पुढे ५३०, मागे ४८०.

ब्रेकचं तेल डॉट ४ दर्जाचं. कोरडं असताना २३० अंशांच्या पुढे उकळणारं. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही, रंगही खात नाही, त्यामुळे जुन्या गाडीवाल्यांना आवडतं. मला पेडल किंचित स्पंजी लागतं, म्हणून नाही.

नव्या वजनाने कागदावर: कोरड्यात ०.८ जीला पुढे ७० टक्के हवेत, ओल्यात ६१. पिस्टन, डिस्क, ड्रम यांच्या मापांवरून ब्रेकची प्रत्यक्ष वाटणी काढली तर पुढे साडेअडुसष्ट येते. मोठे सिलिंडर होते तेव्हा साडेचौसष्ट होती, आणि हलक्या शेपटीला हवे होते ७२. एवढ्या तफावतीत शेपटी निघाली नसती तरच नवल.

आता उरला दीड टक्का. संध्याकाळी वस्तीतल्या मोकळ्या रस्त्यावर थोडं चालवून पाहिली. गाडी सरळ थांबते. अगदी शेवटच्या जोराला मागचं चाक पुढच्याच्या किंचित आधी चिरकतं. व्हॉल्व्हचं काम आता एवढंच.

२ मार्च, रविवार

व्हॉल्व्हची जागा. मास्टर सिलिंडरमधून निघालेली नळी एका चौफुलीवर येते. तिथून पुढची दोन चाकं, एक नळी मागे आणि ब्रेकच्या दिव्याचा स्विच. व्हॉल्व्ह चौफुलीनंतर, फक्त मागच्या नळीत. चौफुलीच्या आधी बसवला तर चारही चाकांचा दाब कापला जाईल.

तयार ब्रॅकेट चौफुलीच्याच बोल्टवर धरलं. नवं भोक एकही नाही; उद्या काढला तर खूण राहणार नाही.

सियागंजात नळीचे नट घ्यायला गेलो. गाडीचे नट ३/८ यूएनएफचे, म्हणजे इंची आट्यांचे. दुकानदाराने हसत मेट्रिक एम-१० बाय १ पुढे केला, ‘सब यही लगाते हैं’. दोन्हींचा फरक डोळ्याला दिसत नाही: व्यास ९.५ आणि १०, आट्यांमधलं अंतर १.०६ आणि १. यूएनएफचा नट एम-१० च्या भोकात बिनबोभाट जातो, थोडा डुगडुगतो, आणि घट्ट करताना आटे सोलून निघतात. उलटं केलं तर एक-दीड वेढ्यात अडकतो, आणि कोणीतरी मोठा पाना लावतं. ब्रेकच्या बाबतीत ‘बसतंय ना’ हा शब्दप्रयोग ऐकला की मी दुकान बदलतो. दुसऱ्या दुकानात जुन्या डब्यातून यूएनएफचे मिळाले, आटे गेजने तपासून घेतले.

३/१६ इंची नळी कापून, नट आधी ओवून, मग तोंडं पाडली. हा क्रम लिहून ठेवतोय कारण नट राहून गेल्यावर होणारी चिडचिड उस्तादांच्या गॅरेजमध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते.

९ मार्च, रविवार

हवा काढली. व्हॉल्व्हचा नॉब पूर्ण उघडा, म्हणजे मागे पूर्ण दाब. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून.

मग शंभर बारचे दोन गेज: एक पुढच्या लाइनवर, एक मागच्या. गाडी उभीच. भाचा पेडलवर, मी दोन काट्यांसमोर वही घेऊन. नॉब उघडा असताना दोन्ही काटे हातात हात घालून चढतात. नॉब थोडा फिरवला की अमुक दाबापाशी मागचा काटा मागे रेंगाळायला लागतो. ती जागा म्हणजे गुडघा. आतापर्यंत कागदावर होता, आज दिसला.

कुठे लावायचा? माझ्या हिशेबाने ओल्या रस्त्यावर चाकं जाम व्हायला साधारण २१ बार लागतात, कोरड्यावर ४१ च्या आसपास. गुडघा ओल्याच्या वर आणि कोरड्याच्या बराच खाली हवा. ३० बारला लावला. पुढे ४४ असताना मागे ३६. म्हणजे कडक ब्रेकला पुढचा वाटा बाहत्तरच्या थोडा वर जातो. हवे होते ७०, वरचे दोन-अडीच मुद्दाम सोडले. तेल नवं, टायर जुने, आणि डिकीत एखाद्या दिवशी काहीच नसेल.

१९ मार्च

रंगपंचमी. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, गॅरेज बंद. गाडीवर ताडपत्री दोन पदरी टाकली.

२३ मार्च, रविवार

पीथमपूर. इथे नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, ब्रेक तपासायला वेगळा पट्टाही आहे. तो मोठ्या कंपन्यांसाठी. आम्ही ओळखीच्या एका बंद कारखान्याच्या आवारातल्या काँक्रीटच्या पट्ट्यावर, मालकाच्या परवानगीने.

टायरच्या बाजूला खडूने जाड पांढऱ्या रेघा ओढल्या. भाचा मोबाईल घेऊन बाजूला. चाक फिरतंय तोवर चित्रात रेघ पुसट दिसते, जाम झालं की स्पष्ट. कुठलं चाक आधी हे गाडीत बसून कळत नाही, पाठीला जे वाटतं ते बहुधा चुकीचं असतं. चित्रात मात्र लगेच दिसतं.

आधी नॉब पूर्ण उघडा, साठच्या वेगाने. मागचं उजवं चाक आधी, मग पुढची दोन्ही. गाडी किंचित वाकडी. मग ३० बारची खूण. पुढची दोन्ही बरोबर जाम, मागची फिरत राहिली. थांबायला १९ मीटर, म्हणजे पाऊण जी. जानेवारीत सगळं बिघडलेलं असताना याच वेगाला तेवीस लागत होते, तेही तिरकं.

नंतर टँकरवाल्याकडून पट्टा भिजवून घेतला. चाळीसच्या वेगाने. इथे गुडघ्याचा संबंधच येत नाही, दाब तिथवर चढतच नाही. पुढची आधी जाम, जशी कागदावर होती. मागे अजून थोडा ब्रेक देता आला असता हे चित्रात दिसतं. देणार नाही.

भाचा म्हणाला, नॉब डॅशबोर्डवर घेऊ, पावसात फिरवता येईल. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग त्याला माहीत आहे, तेव्हा त्याच कंपनीची दुसरी गोष्ट सांगितली: ड्यूसेनबर्गने १९२१ मध्येच चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक दिले होते. त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं. नॉब बॉनेटखालीच राहील. हाताशी असलेला नॉब कोणीतरी फिरवतंच, आणि पुढचा चालवणारा तो कुठे आहे हे न बघता निघतो.

६ एप्रिल, रविवार

पहाटे महूवरून जाम घाट. अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधलेल्या जाम दरवाज्यापाशी माळवा संपतो आणि रस्ता निमाडात उतरतो. उतरणीला दुसऱ्या गिअरमध्ये, तरी ब्रेक बरेच वापरले, मुद्दाम.

ड्रम डिस्कपेक्षा उष्णता जास्त वेळ धरून ठेवतात. तापले की मागची पकड कमी होते, वाटणी आपोआप आणखी पुढे सरकते. खालच्या सपाटीवर मोकळ्या जागी एक कडक ब्रेक मारून पाहिला: गाडी सरळ, पेडल खोल गेलं नाही, पुढून पॅडचा वास. मागचा ड्रम हात लावण्याजोगा नव्हता. डावीकडे तेलाचा मागमूस नाही, म्हणजे सील धरलंय.

घरी येऊन नॉबवर पक्क्या रंगाची रेघ मारली, तारेने बांधून शिशाचं सील लावलं. ब्रॅकेटवर पट्टी चिकटवली: गुडघा ३० बार, पुढे ४४ मागे ३६, स्टेपनी आणि बॅटरी मागे.

बाकी: टायरवर २०१४ चा शिक्का आहे, बदलायचे. नवे आले की पकड वाढणार, दाब वाढणार, तेव्हा खडूच्या रेघा आणि गेज परत. नव्या टायरवर ०.९ जी मिळालं तर गुडघा २६-२७ वर आणावा लागेल असा अंदाज. आणि एकेरी लाइनच्या जागी दुहेरी मास्टर सिलिंडर, पत्रा न कापता बसणारा मिळाला तर. उस्तादांनी एक पत्ता दिलाय.